आबांचं मशीन बिघडलं त्याची गोष्ट

"एस्तेर, मशीन बिघडलंय म्हणतात ना ते, मग बिघडलेलंच राहू दे. घराबाहेर काढू नको," असं सोनीबाईंनी चुलीपुढे भाकरी थापता थापता सुनेला अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

एस्तेरने ते मनावर घेतलं नाही. सासूबाई दिवसभर काही ना काही सांगत असत. ताटावर झाकण उपडं ठेवू नको, ओल्या केसांनी बाळाला घेऊ नको, बिघडलेलं मशीन घराबाहेर काढू नको. झाकणाचं आणि केसांचं तिने ऐकलं. तिसरं काही शास्त्रात बसेना, आणि शास्त्र म्हटलं की एस्तेर आपली बीएस्सीची मार्कलिस्ट आठवून, चष्मा वर सारून जरा ताठ बसायची. ती हसून म्हणाली, "आई, आता जुनं देऊन नवं मिळतं. तुम्ही बघाच."

सोनीबाईंनी भाकरी उलटली आणि "बघते," एवढंच म्हटलं. (हे बोलणं घरच्या बोलीत झालं. तिथे "बघते"ला जी धार आहे ती मराठीत येत नाही.)

मशीन म्हणजे लाकूड कापायचं, पेट्रोलवर चालणारं चेनसॉ. खांडबाऱ्याजवळच्या त्यांच्या चिंचफळीत (फळी म्हणजे पाडा) तशा मोटारसायकली पुष्कळ, टीव्ही पुष्कळ, पण चेनसॉ एकच, आणि ते एस्तेरचे सासरे रेंग्याआबा यांचं. फळीत कुणाचंही लग्न निघालं की मांडव घालायच्या आधी आबांना बोलावणं जायचं. आबा खांद्यावर मशीन टाकून अनवाणी निघायचे, पाय फाकून उभे राहायचे, दोरीला एक झटका द्यायचे आणि मशीन असं काही ओरडायचं की रेल्वे फाटकापर्यंत कळायचं, कुणाकडे तरी लग्न आहे.

या वर्षी लग्न आबांच्याच घरी होतं. धाकटी लेक रिना, वैशाखात. आणि फळीतली रीत अशी की लग्नाच्या मोठ्या चुलीत पहिलं लाकूड जातं ते मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने कापलेलं. बाकीचं सगळी फळी मिळून कापते, वाहते, रचते, पण पहिलं बापाचं. त्याशिवाय आचारी काडी ओढत नाही. आबांनी फळीतल्या कितीतरी बापांना त्या वेळी बाजूला उभं राहून "असं धर, तसं धर" शिकवलं होतं. लाकडाचाही प्रश्न नव्हता. गेल्या पावसाळ्यात वावराच्या बांधावरची जुनी बाभूळ वादळात आडवी झाली होती, ती वाळून खडखडीत झाली होती.

नेमकं तेव्हा आबांनी जाहीर केलं, "मशीन बिघडलं."

काय बिघडलं ते सांगितलं नाही. मशीनवर गोणपाट टाकलं, त्यावर स्वतःची टोपी ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले.

आता मुलगा झाल्यापासून, म्हणजे जोएल आल्यापासून गेलं दीड वर्ष, एस्तेरला घरात सगळीकडे धारदार वस्तूच दिसत होत्या. विळी, कोयता, नारळाची खवणी, कॅलेंडरचा खिळा. चेनसॉ तर या सगळ्यांचा आजोबाच. सासऱ्यांनी ते अनवाणी चालवणं ती लग्न होऊन आल्यापासून डोळे मिटून सोसत होती. "आबा, निदान बूट घाला," असं ती दर वेळी म्हणायची आणि आबा दर वेळी, "बुटात पाय झोपतात," असं उत्तर द्यायचे. त्यामुळे मशीन बिघडल्याची बातमी ऐकून ती पहिल्यांदा सुखावली, आणि दुसऱ्या मिनिटाला तिने मोठ्या उत्साहाने म्हटलं, "नवं मी निवडते."

तिचा नवरा रोशन नवापूरला पोल्ट्री फार्मवर सुपरवायझर आहे. त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावले. त्यात बर्फात उभे असलेले दाढीवाले गोरे पुरुष आभाळाला टेकलेली झाडं पाडत होते. रोशनचं मत पडलं की मशीन मोठंच घ्यावं, कारण पिल्लांच्या शेडलाही बल्ब नेहमी एक नंबर वरचाच लावतात. शेजारचे मगनकाका कुंपणावरून म्हणाले, "मशीन जड पाहिजे. हलकं मशीन म्हणजे हलका माणूस." मगनकाकांनी आयुष्यात एकही मशीन बाळगलेलं नव्हतं, पण मतं मात्र सगळ्या कंपन्यांची बाळगली होती.

एस्तेरने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्या मनाशी ठरवलं ते ठरवलं. एका सकाळी आबा वावरात गेल्यावर तिने गोणपाट काढलं, मशीन रोशनच्या मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये, जिथे एरवी जोएल बसतो तिथे ठेवलं, आणि दोघं नवापूरला चुनीलालशेठच्या दुकानी गेले. मोटारी, पंप, फवारणीचे डबे, सगळं तिथेच मिळतं. रोशनला फार्मवर जायचं होतं. तो तिला आणि मशीनला पायरीवर उतरवून निघून गेला.

चुनीलालशेठ मूळचे शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी कौतुकाने एकेक मशीन काउंटरवर मांडलं. हे असं पळतं, ते तसं कापतं. एस्तेर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती. हात सुटला तर थांबतं का? पडलं तर थांबतं का? लहान मूल जवळ आलं तर?

शेठनी कपाळाला हात लावला. "ताई, लोके इचारतस चालस कसं, अन तुम्ही इचारी ऱ्हायन्यात थांबस कसं!"

"चालतं ते सगळ्यांचंच हो," एस्तेर म्हणाली. "आधी जुनं बघा. बिघडलंय, पण देऊन टाकायचंय."

शेठनी जुनं मशीन पायरीवर ठेवलं, थोडं पेट्रोल घातलं, पाय दिला आणि सहज, माशी वारावी तशी दोरी ओढली.

मशीन एका झटक्यात सुरू झालं.

असं सुरू झालं की समोरच्या वडाच्या झाडावरचे बगळे उडाले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. चुनीलालशेठ त्या आवाजावर ओरडले, "ताई, याले काय व्हयनं? हाई तं मस्त चालू शे!"

एस्तेर तोंड उघडून उभी राहिली. आणि मग, त्या धुरात आणि त्या आवाजात, तिला एकदम आबांचा चहा आठवला.

हिवाळ्यापासून आबांनी कपाने चहा पिणं सोडलं होतं. आधी बशीत ओतायचे, मग बशीही बंद झाली आणि पितळी वाटी आली. वाटी दोन्ही हातांत धरता येते. सदऱ्याची वरची गुंडी उघडीच असायची. "उकडतं," म्हणायचे, पौषातल्या थंडीत. परवा जोएलला त्यांनी उचललं नव्हतं, खाली बसून त्यालाच मांडीवर चढू दिलं होतं. हे सगळं एस्तेरने पाहिलं होतं. ती सगळंच पाहते. पण जोडून पाहिलं नव्हतं. मशीन बिघडलेलं नव्हतं. आबांच्या हातातून दोरीचा झटका गेला होता. आणि ज्या माणसाच्या झटक्याने फळीतलं प्रत्येक लग्न सुरू झालं, त्याला आपल्या लेकीच्या लग्नात तो द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने मशीनवर गोणपाट टाकलं.

"घराबाहेर काढू नको" म्हणजे काय, तेही तिला आत्ता कळलं. सासूबाईंचं शास्त्र पक्कं होतं.

"बिघडलंय ते," एस्तेर ओरडून म्हणाली.

"अहो, चालू शे!"

"चालू असलं तरी बिघडलंय!"

गिऱ्हाइकांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. चुनीलालशेठनी मशीन बंद केलं आणि क्षणभर या शिकलेल्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही म्हनतस तं बिघडेल शे. मन्हं दुकान शे, मी गिऱ्हाइकसंगे वाद घालत नही." मग आवाज उतरवून म्हणाले, "चालाडनार कोन शे?"

"सासरे. वय झालंय." तेवढंच ती म्हणाली. "दोरी नसलेलं आहे का काही?"

शेठ आत गेले आणि बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन आले. हिरवं, हलकं, खेळण्यासारखं. बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय चालतच नाही. एस्तेरने ते जोएलला पहिल्यांदा घेतलं होतं तसं, खालून हात घालून उचललं. "हेच द्या," ती म्हणाली.

आता घरी येऊन ते समजावून सांगायचं, ही वेगळी परीक्षा होती, आणि या परीक्षेचं गाईड एस्तेरच्या विद्यापीठात मिळत नव्हतं.

"हे काय?" मगनकाका कुंपणावरून म्हणाले. "केस कापायचं?"

रोशन फार्मवरून आला, मशीन उलटसुलट करून बघत म्हणाला, "पिल्लांच्या शेडसाठी ठीक आहे." जोएल मात्र "दे, दे" करत धावला, आणि हेच तिला सगळ्यात लागलं, कारण फळीत लगेच झालं की एस्तेरने सासऱ्याचं वाघासारखं मशीन देऊन लेकासाठी खेळणं आणलं. आबांनी लांबूनच पाहिलं. "दोरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आता दोरीची मशीनं येतच नाहीत, आबा," एस्तेरने ठोकून दिलं. "सगळी बटणाची. दुकानात तेवढीच होती."

आबांनी मशीनला हातही लावला नाही. सोनीबाईंनी मात्र सुनेकडे एकदा नीट बघितलं आणि त्या रात्री तिच्या ताटात न मागता जास्तीचं तूप पडलं.

रविवारी प्रार्थनाघरात पास्टरांनी नव्या यंत्रावर प्रार्थना केली. "हे प्रभू, ह्या यंत्राला आशीर्वाद दे, आणि जो ते चालवील त्याची दहाही बोटं शाबूत ठेव." एस्तेरचं आमेन इतकं मोठ्याने निघालं की पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या. घरी आल्यावर मगनकाका नारळ आणि झेंडूचा हार घेऊन हजर. "तुमचं तुम्ही केलं, आता आमचंही होऊ द्या. मशीन दोन्हीकडून सांभाळलेलं बरं." त्यांनी हार चेनच्या पट्टीवर नीट गुंडाळला आणि वर कुंकवाचं बोट ओढलं. कुणाचा अपमान नको म्हणून एस्तेरने हार संध्याकाळपर्यंत राहू दिला, मग काढला. पण घाईघाईत काढताना सुताचा तुकडा पाकळ्यांसकट तुटून आत राहिला.

दुसऱ्या दिवशी रोशनने ऐटीत बटण दाबलं. मशीनने आधी कण्हल्यासारखं केलं, मग झेंडूच्या पाकळ्या हवेत उडाल्या, रोशनच्या डोक्यावर, खांद्यावर पडल्या, आणि आतून जळका वास येऊन सगळं थांबलं. मगनकाकांना मनापासून आनंद झाला. "बघा, मशीनच नवरदेवाला अक्षता टाकतंय!"

एस्तेरने मशीन आत नेलं, माहितीपुस्तिका उघडली, चित्र बघत बघत झाकण काढलं आणि जोएलच्या जुन्या टूथब्रशने आतलं सूत, पाकळ्या, कुंकू एकेक करून काढलं. चेन ढिली झाली होती, ती तिने किल्लीने घट्ट केली. हाताने ओढून बघितली. सरकते पण लोंबत नाही, असं पुस्तिकेत लिहिलं होतं, तशी झाली. त्या दिवसापासून मशीनची सगळी देखभाल, धूळ काढणं, कानशीने दाते घासणं, तेल बघणं, हे एस्तेरच्या नावावर जमा झालं. मशीन घरात आलं आणि जोएलला भावंड झालं, असं ती रोशनला म्हणाली. रोशनने विनोद म्हणून हसून सोडलं. तो विनोद नव्हता.

तेलाचं तर वेगळंच झालं. चेनला सतत तेल लागतं, आणि शेठनी दिलेली बाटली जोएलने अंगणात ओतून संपवली. सोनीबाईंनी कुणाला न विचारता त्यात भुईमुगाचं तेल घातलं. मशीन उत्तम चाललं. फक्त ते गरम झालं की सगळ्या फळीत भजी तळल्याचा वास सुटायचा. मुलं ताटल्या घेऊन येऊन उभी राहायची, कुत्री बांधापर्यंत पाठलाग करायची, आणि मगनकाका विचारायचे, "कांद्याची की मिरचीची?" सकाळी उठून बघावं तर मशीनला मुंग्या. एस्तेर रोज मुंग्या झाडायची आणि मनातल्या मनात चुनीलालशेठना प्रश्न विचारायची: मुंग्या लागल्या तर थांबतं का?

बॅटरीचीही रड होतीच. उन्हाळ्यात वीज कधी येते आणि कधी जाते हे विजेलाही माहीत नसतं. इन्व्हर्टर फक्त प्रार्थनाघरात. तेव्हा बॅटरी तिथे लावायची. पुढच्या रविवारी पास्टर धीर धरण्याविषयी सांगत असताना चार्जरने "टूं" केलं आणि हिरवा दिवा लागला. एस्तेर लगबगीने उठली. पास्टर म्हणाले, "भगिनी, थोडा धीर."

एवढं सगळं चाललं होतं आणि आबा त्यातून अलिप्त होते. लग्न जवळ येत होतं. आचाऱ्याचा निरोप येऊन गेला, चुलीचा खड्डा खणून झाला, आणि पहिलं लाकूड कोण कापणार हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. रिनाने एकदा भावाला हळूच विचारलं, "दादा, तू कापलं तर चालेल का?" रोशनने मान खाली घातली. ते आबांनी ऐकलं. एस्तेरने ते ऐकताना आबांचा चेहरा पाहिला. त्या दिवशी वाटीतला चहा तसाच राहिला.

मग एका दुपारी जोएलला झोपवताना तिला मागच्या परसातून बारीक गुरगुर ऐकू आली. तिने खिडकीच्या फटीतून पाहिलं. आबा एकटे होते. समोर ओंडक्यावर एक वाळकी फांदी. मशीन दोन्ही हातांत. आधी हात थरथरत होते. मग त्यांनी कोपरं पोटाशी घट्ट धरली, बटण दाबलं, आणि दोन्ही हातांच्या पकडीत ती थरथर कुठेतरी जिरून गेली. फांदी पडली. आबांनी मशीन बंद केलं, खाली ठेवलं आणि आपल्या हातांकडे असं बघितलं, जसं बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या नातेवाइकाकडे बघावं.

एस्तेर खिडकीतून बाजूला झाली. आबा अनवाणी होते. ती ओरडली नाही. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड न ओरडणं होतं.

आता सगळं सुरळीत होणार, असं वाटलं की एखादा सरकारी माणूस येतोच. बांधावरची बाभूळ कापायची म्हटल्यावर वनखात्याचे गार्डसाहेब मोटारसायकलवरून आले. "झाड कापण्याची परवानगी?"

"साहेब, ते कापायचं नाही, पडलेलं आहे," एस्तेर म्हणाली.

"पडण्यापूर्वी सदर झाड याच जागी, मालकीच्या हद्दीत उभं होतं, याला पुरावा काय? उभं असतानाचा फोटो आहे?"

पडलेल्या झाडाचा उभा फोटो कुणाकडे असतो? पण एस्तेर एकदम आत पळाली आणि स्वतःच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली. फोटोवाल्याने नवरा-नवरीला त्याच बाभळीला टेकवून उभं केलं होतं. गार्डसाहेबांनी चष्मा वर केला. "यात झाड कमी आणि जावई जास्त दिसतोय."

"जावई नाही साहेब, मुलगाच. तेव्हा बारीक होता. मागून झाड दिसतंय की."

"घेर किती होता?"

"तेव्हाचा झाडाचा, आत्ताच्या याच्याएवढा," असं म्हणून तिने रोशनला पुढे केलं. रोशनने पोट आत घेतलं. गार्डसाहेब हसू दाबत परवानगीचा कागद लिहीत राहिले. जाता जाता त्यांचं लक्ष हिरव्या मशीनकडे गेलं. "आणि कापणार कशाने? याने? याने तर पेन्सिलला टोक होईल." एस्तेरने गार्डसाहेबांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

आणि मग, मांडव घालायच्या आदल्या संध्याकाळी, लाकडं कुणी कापायची, कुणी वाहायची हे ठरवायला सगळी फळी अंगणात जमलेली असताना, खांडबाऱ्याच्या रस्त्याने ओळखीची गर्जना ऐकू आली. रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जाणारी. मगनकाका आले. खांद्यावर आबांचं जुनं मशीन.

"रेंग्याभाऊ!" काका आनंदाने ओरडले. "चुनीलालच्या दुकानात दिसलं, उचललं! अरे, याला काहीच झालेलं नाही. एका झटक्यात सुरू! बघ!" त्यांनी बंद केलं, पुन्हा दोरी ओढली, पुन्हा एका झटक्यात सुरू. "तू म्हणालास बिघडलंय?"

लोकांनी मशीनकडे पाहिलं, मग आबांकडे. मगनकाकांच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट असतं तर त्यांना अडवता तरी आलं असतं. आबांनी हात मांडीखाली घेतले. एस्तेरने ते पाहिलं. आता कुणीतरी म्हणणार, "ओढून दाखव ना, रेंग्याभाऊ."

"ते मीच बिघडवलं होतं," एस्तेर म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. जोएल तिच्या कडेवर होता. त्याच्याकडे बघून तिला पुढचं सुचलं. "याची झोप मोडायची आवाजाने. मी त्याचा प्लग ढिला करून ठेवायची. आबांना वाटलं बिघडलं."

याच्याएवढं खोटं चिंचफळीत त्या वर्षी कुणी बोललं नसेल, कारण जोएल उभ्या फळीत फक्त त्या मशीनच्याच आवाजावर झोपायचा. पण लोकांना तेवढं कुठे माहीत! बायकांत कुजबुज सुरू झाली. "बीएस्सी झालीय ना," एकीने म्हटलं. "सासऱ्याचं मशीन!" दुसरी. "आणि वर खेळणं आणून दिलं," तिसरी. मगनकाकांनी खेदाने मान हलवली. "शिकून माणूस असं करतं. पण लेकरासाठी केलं, जाऊ दे." रोशन आ वासून बायकोकडे बघत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं, आणि या गोष्टीत त्याचं तेच एक काम होतं.

एस्तेर मान खाली घालून उभी होती. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तेवढ्यात आबा खाकरले.

"मला संशय होताच," आबा गंभीरपणे म्हणाले. "रोज प्लग ढिला. म्हटलं, उंदीर असतील."

अंगणात हशा पिकला. एस्तेरने चमकून वर पाहिलं. आबांच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. "मोठा उंदीर," ते पुढे म्हणाले. "चष्म्याचा." हशा आणखी वाढला. सोनीबाईंनी पदराने तोंड झाकलं, आणि त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते कळलं नाही.

सकाळी मांडवाच्या आधी सगळे बांधावर जमले. मोठा बुंधा मगनकाकांनी जुन्या मशीनने कापायचं ठरलं होतं. ते पाय फाकून, अगदी आबांसारखे उभे राहायला बघत होते. पण आधी पहिलं लाकूड. आबा घरातून यायला उशीर करत होते. रिना हळद लावलेल्या हातांनी उभी होती. आणि मग आबा आले.

पायात रोशनचे पोल्ट्रीतले रबरी बूट होते. डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट, काच खाली. सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. कुणी लावली ते सोनीबाईंना माहीत. लोक हसले, आबांनी लक्ष दिलं नाही. ते एस्तेरसमोर येऊन थांबले, एक पाय जरा पुढे केला, बूट नीट दिसेल असा, आणि पुढे गेले.

फांदी मांडीएवढी जाड होती. आबांनी कोपरं पोटाशी घेतली आणि बटण दाबलं. भज्यांचा वास सुटला. भुसा उडाला. चेन आत उतरत गेली. आदल्या दिवशी वीज नव्हती, प्रार्थनाघराचा इन्व्हर्टर मांडवाच्या माईकला गेला होता, आणि बॅटरी अर्धीच भरली होती हे फक्त एस्तेरला ठाऊक होतं. ती ओठांतल्या ओठांत पास्टरांची प्रार्थना म्हणत होती, बोटांवरून बॅटरीवर आली होती. बोटभर लाकूड उरलं आणि मशीनने कण्हल्यासारखं केलं. थांबलं.

रोशन पुढे झाला. एस्तेरने त्याचा सदरा धरून मागे ओढलं. आबांनी मशीन खाली ठेवलं. हेल्मेटची काच वर केली. फांदीकडे पाहिलं, मग पायाकडे. मग तो रबरी बूट उचलून फांदीवर ठेवला आणि एक लाथ घातली. कडकन आवाज झाला आणि लाकूड सुटून थेट रिनाच्या पायापाशी जाऊन पडलं.

"बूट कशाला घालायचे, ते आज कळलं," आबा म्हणाले.

रिना रडली, सोनीबाई रडल्या, आणि मगनकाकांनी मागून एका झटक्यात जुनं मशीन सुरू केलं, त्यामुळे एस्तेर रडली ते कुणाला ऐकू आलं नाही. जोएल मात्र तिच्या खांद्यावर त्या गर्जनेत गाढ झोपी गेला. आजूबाजूच्या बायकांनी ते पाहिलं. त्यातल्या एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. पण कुणी काही विचारलं नाही. फळीत काही गोष्टी अशा न विचारताच विरतात.

लग्न झालं. नंतर आबा स्वतःहून नवापूरला डॉक्टरकडे गेले. गोळ्या चालू आहेत, थोडा फरक आहे. एस्तेर आता खांडबाऱ्याच्या शाळेत अर्धा दिवस शिकवायला जाते, आणि तिला पक्कं माहीत आहे की तिची रिक्षा वळली रे वळली की आबा हिरवं मशीन घेऊन बांधावर जातात. बूट घालतात की नाही, हे मात्र माहीत नाही. सोनीबाई सांगत नाहीत. त्या आबांच्या पार्टीत आहेत.

म्हणून तिची तुम्हाला एक विनंती आहे. कधी सकाळच्या वेळी खांडबाऱ्याहून चिंचफळीच्या रस्त्याने निघालात, आणि कुठे लग्न नसताना भज्यांचा वास आला, तर जरा थांबा. बांधाकडे डोकवा. पाय बघा. चहा पुढे आला तर घ्या, पण त्यांच्या वाटीकडे बघत बसू नका. आणि मशीनचा आवाज मध्येच थांबून बराच वेळ झाला असेल, तर जवळ जा. "मदत करू का," असं म्हणू नका. म्हणा, "आबा, मलाही एकदा चालवून बघायचंय, असं धरायचं की तसं?"

मग ते तुम्हाला नीट, बराच वेळ शिकवतील. तोपर्यंत एस्तेर घरी येईल.